अर्धी भरलेली गाडी

कुंदाला आणायचं होतं म्हणून अभिमनने धुळ्याची खेप मागून घेतली होती. एरवी ड्रायव्हर खेप मागत नाही. मालक सांगेल तिकडे चाक वळवतो. पण त्या साली आखाजीला आठ दिवस उरले असताना तो झुलाल नानांच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला.

"नाना, धुयानी एखादी खेप शे का? बहीणले लेवाले जानं शे."

नाना अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं आणि हसले. "शे ना. जळगावहून डाळ भरानी, धुयाले उतारानी, येताना खाली गाडीमा बहीणले बसाडी लई येवानं. यष्टीनं तिकीट बी वाचनं तुनं."

अभिमनला वाटलं, देवमाणूस आहे.

झुलाल नाना त्याच्याच गावचे. गाव पारोळ्याहून कोसभर आत. कपाशीच्या दोन भरल्या सालांवर नानांनी ट्रक घेतला, आणि शेतावर सालदार ठेवावा तसाच गाडीवर ड्रायव्हर ठेवला. आखाजी ते आखाजी. सालाचे साडेसहा हजार, दोन जोडी कपडे, खेपेला पंधरा रुपये भत्ता. सालाची बाकी आखाजीला मिळायची. साल पुरं व्हायच्या आत जो बैल किंवा गाडी सोडून गेला त्याची बाकी बुडाली. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, आणि मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

आमच्याकडे दिवाळी दाराशी येते, आखाजी काळजाशी. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि वर्षभर गिळलेलं सगळं झोक्यावर उभं राहून गाण्यातून सांगून टाकतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेराहून तिला न्यायला माणूस यावा लागतो, त्याला मूळ म्हणतात. मूळ आलं नाही तर लेक उंबऱ्याच्या आत, आणि आखाजी उंबऱ्याच्या बाहेर.

कुंदा तीन आखाजी उंबऱ्याच्या आत होती. धुळ्याला देवपुरात तिचं सासर. तीन सालांमागे तिच्या नणंदेचं लग्न झालं, त्यात माहेरचा आहेर अभिमनने घेऊन जायचा होता. नागपूरच्या रस्त्यात गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि तो लग्नानंतर दोन दिवसांनी पोचला. मांडव उतरला होता. कुंदाची सासू तानुबाई दारातच म्हणाली होती, "आता आहेर मांडवाच्या खड्ड्यांना नेसवायचा का?" त्यानंतर माहेराहून चुलता गेला, मामा गेला, कुंदाला कोणाबरोबर पाठवलं नाही. या साली मात्र सासरे सुपडू आबांचं कार्ड आलं. आबा गिरणीत जॉबर होते, अक्षर मोठं आणि सरळ. 'चि. कुंदास पाठवण्याचे ठरविले आहे. बीजेच्या दिवशी दिवेलागणीपर्यंत भावाने स्वतः यावे. दुसरे कोणास पाठवू नये.'

ते कार्ड अभिमनच्या आईने देव्हाऱ्यात ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती त्याला हळद-कुंकू वाहायची.

* * *

चतुर्दशीला सकाळी आठ वाजता अभिमनने जळगावला डाळमिलच्या फाटकात गाडी लावली. सीटमागच्या फळीवर कापडी पिशवी होती. तिच्यात मोरपिशी लुगडं आणि त्याच्यासाठी नवं कोरं उपरणं. मूळ म्हणून जाणाऱ्याच्या खांद्यावर मळकं फडकं शोभत नाही. क्लीनर सणासाठी आदल्या दिवशीच गावी पळाला होता. अभिमनने हिशेब केला होता: दुपारपर्यंत भरणी, संध्याकाळी धुळे, रात्री माल उतरवायचा, अवसेला सकाळी देवपूर. बीजेची वाटच पाहायची नाही.

हमाल लगेच आले. पाठीवर पोती घेऊन फळीवरून धावत चढले, धावत उतरले. तासाभरात चाळीस पोती पडली. नव्वद भरायची होती. एकेचाळिसाव्याला हमालांनी डोक्यावरची पोत्याची खोळ काढली, घाम पुसला आणि ते पिंपळाखाली जाऊन बसले.

अभिमन मुनिमाकडे गेला. चंपालाल मुनीम पन्नाशीचा, बारीक चणीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"बाकीचा माल पॉलिशला आहे," मुनीम म्हणाला. "दुपारी भरू."

दुपारी म्हणाला संध्याकाळी. संध्याकाळी म्हणाला, "सकाळी नक्की. जेवला का तू? मिलच्या मागे खानावळ आहे, शेवभाजी चांगली देतो."

ड्रायव्हर लोकांत एक म्हण आहे, रिकामी गाडी रुसून जाते, भरलेली पळून जाते, अर्धी भरलेली दावणीला. रिकामी असती तर अभिमन भाडं सोडून निघाला असता. भरलेली असती तर निघालाच असता. चाळीस पोती डाळ पाठीवर घेऊन गाडी धड घरची नव्हती, धड रस्त्याची. हे त्याला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. पण ज्याला बहिणीला आणायचं असतं त्याला 'सकाळी नक्की' हे शब्द गुळासारखे लागतात.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. सकाळी मुनीम म्हणाला, "आज शेठ माल बाहेर काढत नाहीत. अवस आहे ना."

"अहो, मग हे काल सांगायचं! काल रात्रीच्या यष्टीने गेलो असतो, आज बहिणीला घेऊन परत आलो असतो."

"काल शेठ काही बोलले नव्हते."

"अवस काल ठरली का?"

मुनिमाने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "फोन करायचा तर कर नानांना," तो म्हणाला. "मिलच्या खात्यावर लाव."

पारोळ्याला किराणा दुकानात फोन होता, नाना रोज दहाला तिथे पेपर वाचायला बसायचे. बराच वेळ खरखर झाली, मग नानांचा आवाज आला.

"थांब रे भो. गाडी उभी राहिनी तर खोटीना पैसा भेटतस. आपला काय तोटा?"

"नाना, बहीण…"

"सणले आजून तीन दिन शेतस! तू काय घोडावर बठेल शे का?" मागे कुणीतरी खिदळलं, बांगड्या वाजल्या. नाना फोनपासून तोंड फिरवून ओरडले, "हळू वं!" मग म्हणाले, "पोरी उन्यात ना बठ्ठ्या, कपडा लेवाले. दुकान डोकावर लिधं त्यास्नी. ठेवस मी."

अभिमनने फोन ठेवला. नानांच्या तिन्ही लेकी अवसेलाच आल्या होत्या. त्यांना आणायला नानांनी जीप केली होती, हे त्याला ठाऊक होतं. टायरमध्ये हवा त्यानेच भरून दिली होती.

* * *

मिलच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली पंधरा-वीस बाया डाळ निवडायला बसायच्या. उन्हाने पत्रा तडतडायचा आणि खाली सुपं सळसळायची. सगळ्यांत पुढे बसायची ती भिकुबाई, धरणगावकडची, साठीला आलेली, तोंडात दात चार पण शब्द चाळीस. तिसऱ्या दिवशी, वैशाखाच्या पाडव्याला, ती अभिमनला म्हणाली,

"ओ डायवर भो! तीन दिन व्हयनात. आठेच संसार मांडस का? बायको दखू का एखादी? आमनामा रांडकी-मुंडकी बठ्ठी शेतस."

बाया हसल्या. अभिमनही हसला. मग ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "कोठे जानं शे तुले?"

त्याने सांगितलं. देवपूर, कुंदा, तीन सालं, आबांचं कार्ड. भिकुबाईचं सूप थांबलं.

"मंग यष्टीनं जाय ना, येडा!"

"चाळीस पोती कोना भरोसावर टाकू अक्का? क्लीनर नही. एक पोतं गयं तर मना सालमाईन कापाई. आन गाडी सोडी म्हणून नाना बाकी बुडाडतीन ते आल्लगच."

"मी बसस तुनी गाडीखाले. कोन चोर येस दखू!"

ती खरंच बसली असती. अभिमनच्या मनात आलंही. दुपारची यष्टी धरायची, चारला देवपूर, रात्री मुक्काम, उद्या बीजेला कुंदाला गावात उतरवायचं आणि परत. तो पिशवी काढायला केबिनमध्ये चढला, तेवढ्यात मुनीम ऑफिसच्या दारात आला.

"अभिमन, कुठे जाऊ नकोस. बारा वाजता भरणी. हमालांना निरोप गेलाय."

हमाल बाराला आले. दुसऱ्या गाडीत सरकी भरून गेले.

अभिमन चाकाला टेकून बसला. शेडमध्ये भिकुबाईने गाणं धरलं होतं, बाकीच्या मागून ओढत होत्या. सुपाच्या तालावर ते यायचं आणि उन्हात विरून जायचं.

आखाजीनं मूळ येई, मी वाटले डोया लाऊ,
फुफाटा उडे वाटले, माले वाटे उना भाऊ…

त्याने कानांवर हात ठेवले नाहीत. उठून, भिकुबाईला गाडीवर नजर ठेवायला सांगून तो मेहरूणच्या तळ्यावर अंघोळीला गेला, आणि पाण्यात बराच वेळ बुडून राहिला. पाण्याखाली निदान गाणं ऐकू येत नव्हतं.

* * *

बीज उजाडली, सणाचा आदला दिवस. मुनीम म्हणाला, "संध्याकाळी बघू."

'नक्की' हा शब्द आज त्यात नव्हता. धुळ्याची शेवटची सोयीची यष्टी साडेबाराला. ती धरली तरी परत यायला उद्याची सकाळ. तोवर भरणी झाली आणि ड्रायव्हर जागेवर नसला, तर सालाची बाकी, पुढचं साल, सगळं गेलं. न धरली तर कुंदा गेली.

तेवढ्यात फाटकाबाहेर ओळखीचा हॉर्न वाजला. लोटन होता. त्याच्याच बरोबरीचा ड्रायव्हर, वरणगावला माल टाकून रिकामी गाडी घेऊन धुळ्याला निघाला होता. पाणी प्यायला उतरला.

आणि इथे अभिमनच्या हातून ती चूक झाली.

त्यांच्या गावात म्हातारी माणसं एक गोष्ट सांगत. बोरी नदीला पूर आला, मूळ म्हणून निघालेला भाऊ अलीकडच्या काठावर अडकला, बहीण पलीकडे. भावाने पागोटं सोडलं, दगडाला बांधलं आणि पैलतीरी फेकलं. सासऱ्याने ते उचलून सुनेच्या हातात दिलं आणि म्हटलं, पागोटं आलं म्हणजे भाऊ आला. पूर ओसरल्यावर ती त्या पागोट्याच्या मागे माहेरी गेली. ही गोष्ट अभिमनने आजीच्या मांडीवर ऐकली होती, आणि आजीच्या मांडीवर ऐकलेलं माणूस तपासून पाहत नाही.

त्याने पिशवी काढली. लुगडं लोटनच्या हातात दिलं आणि वर कोऱ्या उपरण्याची घडी ठेवली.

"देवपूरले जाय. सुपडू आबानं घर कोनाले बी इचार. सांग, भाऊ अडकी गया, भाऊनं उपरणं धाडं शे. येताना बहीणले मना गावले उतारी दे, रस्तामाच शे."

लोटनने घडीकडे पाहिलं. "भो, मी तुमना ना नातामा ना गोतामा. परका मानूसबरोबर बाई धाडतीन का?"

"उपरणं मनं शे ना. तू नही जाय राहिना, उपरणं जाय राहिनं."

"तुले वाटस तसं," लोटन म्हणाला, आणि उपरणं डॅशबोर्डवर देवाच्या फोटोपाशी ठेवून निघाला. अभिमन फाटकात उभा राहून फुफाटा खाली बसेपर्यंत पाहत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला भूक लागली. त्याने शेवभाजी मागवली, भिकुबाईला चहा पाजला.

"गया का निरोप?" तिने विचारलं.

"निरोप नही अक्का. मूळ गयं."

भिकुबाईने सूप पाखडलं, खडा उचलला आणि लांब फेकला.

* * *

आखाजीच्या सकाळी आठला लोटन परत आला. इंजिन बंद न करताच उतरला. त्याच्या हातात लुगडं होतं, उपरणं होतं, दोन्हींच्या घड्या न मोडलेल्या.

"काय व्हयनं?"

"मानूस म्हनीसन गयथू, कुत्रं व्हयीसन उनू," लोटन म्हणाला. गल्ली अरुंद, म्हणून त्याने गाडी तोंडाशी उभी करून हॉर्न दिला होता. सवयीचाच. अख्खी गल्ली दारात आली. खाकी शर्टातला, दाढी वाढलेला परका ड्रायव्हर, घरातल्या सुनेला न्यायला आलाय, हातात उपरणं. तानुबाईने ते उपरणं दोन बोटांत धरून गल्लीला दाखवलं होतं आणि म्हणाली होती, "पहा गं बायांनो! भावाने उपरणं धाडलंय. आपण हिचा पदर फाडून देऊ, तो नेऊन बसव म्हणावं झोक्यावर."

"आनि आबा?"

"आबा इतलंच बोलनात, 'मी कार्ड मराठीत लिहिलं होतं.'"

"कुंदा?"

लोटनने चाकाला उगाच लाथ मारली. "ती आतमाईन दखी राहिनती. तिना हातमा बोचकं व्हतं."

अभिमन उभाच होता तेव्हा हमाल आले. गुलाल लावलेला नारळ गाडीच्या बंपरवर फुटला, आणि पोती पडायला लागली. एकेचाळीस, बेचाळीस. तासाभरात नव्वद. ताडपत्री बांधली गेली. मुनिमाने मालाची बिल्टी दिली, आणि बरोबर एक घडी घातलेली चिठ्ठी. "ही नानांना द्यायची. गाडी उभी राहिली त्या खोटीची."

अभिमन सातवी शिकलेला होता. त्याने चिठ्ठी उघडली. 'चतुर्दशी ते बीज, दिवस चार, दर दिवसास रुपये दीडशे, एकूण रुपये सहाशे. बोलणे झाल्याप्रमाणे आखाजीचे मुहूर्तावर गाडी रवाना.' खाली तारीख होती. आजची नव्हती. चतुर्दशीची होती.

"मुनीमजी, ही पहिल्या दिवशीच लिहिली?"

चंपालाल मुनिमाने चष्म्याचा दोरा कानामागे सारखा केला. "गोडाऊन भरलंय. नवी तूर येऊन पडली. शेठना सौदा आखाजीच्या मुहूर्तावर काढायचा होता, तोवर पोती ठेवायला जागा पाहिजे होती. नानांशी आधीच बोलणं झालं होतं. गाडी चार दिवस उभी राहील, म्हणून."

"मला रोज सांगत होता, आज, संध्याकाळी, सकाळी."

"ड्रायव्हरला चार दिवस सांगितले तर तो टिकत नाही बाबा. एकेक दिवस सांगितला तर टिकतो." हे मुनीम खोचकपणे बोलला नाही, डाळ किती शिट्ट्यांत शिजते ते सांगावं तसं बोलला. मग जरा थांबून, खाली पाहत म्हणाला, "आणि नानांनीच सांगितलं होतं. पोराला बोलू नका, बहिणीच्या नादात गाडी सोडून जाईल. मला वाटलं, असेल घरातली गोष्ट."

शेडमधल्या बायांना आज सुट्टी होती. आवारात एकही सूप वाजत नव्हतं. लोटन म्हणाला, "काय म्हनस?" अभिमन म्हणाला, "काही नही," आणि स्टार्टर मारला.

* * *

पाळधी गेलं, एरंडोल गेलं. रस्त्याकडेच्या प्रत्येक गावात निंबाला झोके होते. नव्या लुगड्यांच्या बाया दोन-दोन उभ्या राहून झोका चढवत होत्या, पदर वाऱ्यावर, तोंडात गाणी. गाडी जवळून गेली की गाणं काचेवर आपटायचं आणि मागे राहायचं. पारोळ्याच्या पुढे गावाचा फाटा आला. फाट्यावर त्याची आई उभी होती. चार दिवस ती तिथे येऊन उभी राहत असणार. तिने गाडी ओळखली, डोळ्यांवर हात धरला आणि केबिनच्या खिडकीत दुसरं माणूस शोधलं. गाडी अजून धुळ्याकडेच चालली आहे, हे तिच्या ध्यानात यायला क्षण गेला. अभिमनने ब्रेकवर पाय ठेवला आणि काढून घेतला. थांबून काय सांगणार होता?

धुळ्याला पेठेत अडत्याचं दुकान बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, "आज आखाजी आहे भाऊ, कोण माल उतरवतो? उद्या दहाला या." म्हणजे आजचाही दिवस उभा. आजचेही दीडशे. नानांच्या विहिरीचं पाणी म्हणे मे महिन्यात आटतं. त्यांच्या गाडीचं आटत नव्हतं.

गाडी तिथेच लावून, पानवाल्याला लक्ष ठेवायला सांगून, तो पांझरेचा पूल चालत ओलांडून देवपुरात गेला. चाळीस पोत्यांसाठी चार दिवस जळगावहून हलला नव्हता; आज नव्वद पोती रस्त्यावर सोडून आला. खांद्यावर उपरणं होतं, काखेत लुगडं.

सुपडू आबा ओट्यावर खाट टाकून बसले होते. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"पाटा तुटला होता का?"

"नाही आबा. गाडी भरत नव्हती."

"चार दिवस?"

"चार दिवस."

आबांनी गिरणीत तीस वर्षं काढली होती. माणूस केव्हा खोटं बोलतो ते त्यांना आवाजावरून कळायचं. ते आत पाहून म्हणाले, "पोरगा आलाय. पाणी द्या त्याला." आणि हळू म्हणाले, "आता आलाच आहेस तर ने. उद्या ने. सण गेला तरी माहेर कुठे जात नाही."

तानुबाई दारात होती. तिच्या ओठावर काहीतरी आलं होतं, पण नवऱ्याकडे पाहून तिने ते गिळलं. एवढं सोपं असेल असं अभिमनला वाटलं नव्हतं.

कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तीन सालांत ती उंच झाल्यासारखी वाटत होती. वाळली होती म्हणून असेल. तिने तांब्या खाली ठेवला.

"मी येत नाही, दादा."

"कुंदे, आबा हो म्हणताहेत."

"मी नाही म्हणतेय." ती देवपूरची भाषा बोलत होती, शहराची, नीट निवडलेली. "चतुर्दशीपासून बोचकं बांधून बसले होते. माझ्या पोरीचा फ्रॉक लागला की सोडायचं, परत बांधायचं. बीजेला हॉर्न वाजला. मी बोचकं उचललं आणि दारापर्यंत आले. सगळी गल्ली पाहत होती. उपरण्याला हसली ती हसली, मग माझ्या हातातल्या बोचक्याला हसली."

"मला वाटलं, आजी सांगायची ना, पागोट्याची गोष्ट…"

"त्या भावापुढे पूर होता. तुझ्यापुढे काय होतं?"

खिशातला कागद अभिमनने चाचपला, आणि नको असताना सगळं सांगून टाकलं. गोडाऊन, मुहूर्त, नाना, रोजची 'संध्याकाळी', सहाशे रुपये.

कुंदाने शांतपणे ऐकलं. "सहाशे नानांना?"

"हो."

"आणि तुला?"

"खेपेचा भत्ता. पंधरा रुपये."

ती हसली. लहानपणी चिंच खाताना तिचं तोंड असंच व्हायचं. "म्हणजे माझी आखाजी कोणीतरी भाड्याने घेतली होती, दादा. तू फक्त राखण करत होतास."

ती आत गेली आणि ताट घेऊन आली. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई. त्याच्यापुढे ठेवलं. "जेव. सणाच्या दिवशी माहेरचं माणूस दारातून उपाशी जाऊ नये."

तो जेवला. प्रत्येक घास गिळताना त्याला कळत होतं की हे ताट गावी तिच्यासाठी मांडायचं होतं. ती समोर बसून पंख्याने वारा घालत राहिली. उठताना त्याने लुगडं तिच्यापुढे केलं. तिने घेतलं, नाकाला लावून वास घेतला आणि परत त्याच्या हातात दिलं.

"आईला नेसव. आणि तिला सांग, पुढच्या साली मूळ धाडू नको. वाट पाहून सगळ्यांदेखत हसं होतं. न पाहता राहिलं की निदान काम तरी होतं हातून."

"कुंदे…"

"जा आता. गाडी एकटी आहे तुझी."

पुलाखाली पांझरा कोरडी होती, वाळूत पोरं पतंग उडवत होती. पेठेत पानवाल्याने दुकान बंद करून टाकलं होतं. गाडी जिथल्या तिथे उभी होती, दोऱ्या ताणलेल्या, एकही पोतं हललेलं नाही.

अभिमनने खिशातली चिठ्ठी काढली. आज त्याचं साल संपत होतं. नाना बाकी मोजतील तेव्हा आधी ही चिठ्ठी मागतील, आणि ती नसली तर सहाशे रुपये त्याच्या बाकीतून वजा होतील. त्याने दोन्ही हातांनी कागद धरला, थोडा वेळ धरून ठेवला. मग घडी होती तशी घातली, वरच्या खिशात ठेवली, बटण लावलं, आणि मागच्या चाकाच्या सावलीत उद्या दहा वाजायची वाट पाहत बसला.